ताकदीच्या पुड्या

इंदूताई,

दहाव्याला पाटावर तुमचा जो फोटो ठेवला होता, तो पाहून माझं डोकं फिरलं. तुमच्या संपतनं आपल्या मुलीच्या साखरपुड्यातला फोटो निवडून, मोठा करून, चौकटीत बसवून आणला होता. गोल गरगरीत तोंड, वर आलेले गाल, गालांवर लाली. नमस्काराला येणारी प्रत्येक बाई थांबून म्हणत होती, "काय तेज व्हतं वो तोंडावर. कोण म्हणंल हिला काही झालं व्हतं." मी भिंतीला टेकून दात-ओठ खात बसले होते.

ताई, ते तोंड तुमचं नव्हतं. तुमचं तोंड लांबट, गालाची हाडं दिसणारं, बागेतलं ऊन खाऊन रापलेलं. तीस-पस्तीस वर्षं मी ते पाहिलं. फोटोतलं तोंड पुडीनं आणलेलं होतं, आणि चिडायचं खरं कारण हे की ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीसुद्धा त्या बायांसारखंच बोलले होते. "ताई, तब्येत सुधारली की हो तुमची. अंग धरलंत." तुम्ही खूश झालात. मला चहात साखर जास्त घातलीत.

मी कोण? नाशिकच्या एका ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. दर वर्षी मी फळ्यावर मूत्रपिंड काढायचे, त्याच्या डोक्यावर टोपीसारखी अधिवृक्क ग्रंथी काढायचे आणि सांगायचे: हिच्यातून कॉर्टिसॉल येतं. संकटात शरीराला साखर पुरवणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी ते वेळ पडली तर स्नायू मोडून वापरतं. हेच संप्रेरक औषध म्हणून बाहेरून रोज घेत राहिलं की तोंड गोल होतं, पोट सुटतं, आणि मांड्या-दंड झडतात. दोन मार्कांना येतं, लिहून घ्या. मुलांनी लिहून घेतलं. मी मात्र ते गोल तोंड समोर चहा पीत बसलेलं असताना त्याला तब्येत म्हणाले.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "झालं का मास्तरीणबाईचं सुरू." हो, सुरू. आता मला थांबवणारं कुणी नाही, तेव्हा ऐका.

आधी तुमच्यावरचा राग. निफाडजवळच्या तुमच्या घरात मी धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा तुम्ही ऐन ताकदीत होता. द्राक्षाचे दोन-दोन क्रेट उचलून मांडवाखालून वाकत बाहेर यायचात. थिनिंगच्या दिवसांत बायकांची टोळी सकाळी आठला बागेत शिरायची, हात डोक्याच्या वर धरून घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढत संध्याकाळपर्यंत उभी असायची. तुम्ही मालकीणबाई, पण टोळीच्या पुढच्या ओळीत तुम्हीच. मला पहिल्या दिवशी तासाभरात खांद्याला रग लागली, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "जा, पोथ्या वाच. ह्या हातांचं काम तुझं नाय." आणि खरंच वाचायला पाठवलंत. माझं एम.एस्सी. होईपर्यंत दोन वर्षं माझी लेक तुमच्या कडेवर वाढली. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा तुम्ही नाशिकला येऊन राहिलात आणि रोज सकाळी मला दोन्ही काखांत हात घालून कॉटवरून उचलून न्हाणीत नेलंत. मी अंगानं काही कमी नव्हते. तुमचा दंड असा घट्ट असायचा की मी धरला तर माझीच बोटं दुखायची.

अशा बाईनं एका बाजारातल्या माणसाची पुडी खावी?

मोटारसायकलवर दोन पत्र्याचे डबे बांधून तो आठवडे बाजाराला यायचा म्हणे. जंगलातली मुळी, घरची कुटाई, गुडघे-कंबर-सांधे सगळ्यावर एकच औषध. ताकदीची पुडी. तुमचा गुडघा दुखायचा, ते खरं. बसा, आराम करा, असं संपत म्हणायचा आणि तेच तुम्हाला नको होतं, हेही मला कळतं. पहिल्या पुडीनंतर चार दिवसांत तुम्ही बागेत पळायला लागलात. भूक लागायला लागली, दुखणं गेलं, जीव कसा हलका झाला. जादूच झाली. त्या मुळीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या होत्या, दुसरी कसली जादू?

तुम्हाला आठवतं, बागेत डिपिंग चाललेलं असताना तुम्ही मला विचारलं होतंत? जीएच्या बादलीत घड बुडवत होता. मणी फुगवायचं ते संजीवक. म्हणालात, "सुनंदा, हे झाडाचं हार्मोन ना? मंग माणसाला असं काही असतं का गं?" मी म्हणाले, असतं की, आणि मोजून असतं. तुम्ही म्हणालात, "ते तर द्राक्षालाबी मोजूनच. जास्त झालं की मणी रबरी होतो, चव जाते." तुमच्यासमोर संपत बादलीत एक चिमूट जास्त टाकू शकत नव्हता. घडाचं वय काय, ऊन किती, पाणी कुठल्या विहिरीचं, सगळं विचारल्याशिवाय तुम्ही डबा उघडू द्यायच्या नाहीत. द्राक्षाच्या घडाला जेवढं विचारलंत, तेवढं स्वतःच्या अंगाला का नाही विचारलं? ह्यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं, कडाक्याचं. ते राहिलं.

आणि बाकी सगळ्यांवरचा राग वेगळा. तीन वर्षांत तुम्ही हळूहळू काय-काय सोडलंत ते सगळ्यांनी पाहिलं. मसाल्याच्या बरण्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आल्या. अंबाडा नात घालून द्यायला लागली, कारण हात मानेमागे जाईनात. पंगतीत तुम्ही बसेनात, "बसा तुम्ही, मी वाढते" म्हणून उभ्याच राहायला लागलात, आणि सगळे म्हणाले, काय हौस हो इंदूताईंना वाढायची. थिनिंगला "आता कात्रीला डोळा लागत नाही" सांगून तुम्ही क्रेटवर बसून घड निवडायला लागलात. डोळ्याचा काही संबंध नव्हता. हात वर टिकत नव्हता. संपतला विचारलं तर म्हणाला, "काकू, वय झालं आता आईचं." यांना विचारलं तर हे म्हणाले, "वहिनीचं वय झालं." तुम्हाला विचारलं तर तुम्हीही तेच. वय हा शब्द आपल्याकडे गोणपाटासारखा आहे, काहीही झाकावं आणि वर बसावं.

वयानं स्नायू जातात, मी नाही म्हणत नाही. पाळी गेल्यावर बायकांचे आणखी जातात, कारण हाडामांसाला राखणारी आपली संप्रेरकंच आटतात. त्यात आपण रात्री वरणभाताचे दोन घास खाऊन उठतो, अंडं म्हटलं की नाक मुरडतो. माझ्याही मांड्या पूर्वीच्या नाहीत, तिसरा मजला रोज सांगतो. पण वय सावकाश नेतं. चाललं, उठबस केली, वजन उचललं, नीट खाल्लं, तर ते थोडं ऐकतंही. पुडी ऐकत नाही. वयानं आधीच उतरणीला लावलेलं अंग, त्यावर रोज वरून कॉर्टिसॉलचा भाऊ, रोज स्नायू मोडायचा हुकूम. तोही सगळ्यांत मोठ्या स्नायूंपासून, मांडीचे, कुल्ल्याचे, खांद्याचे. म्हणजे नेमके तुमच्या कामाचे. आणि वरून तोंड भरलेलं, पोट भरलेलं, नऊवारीत पाय झाकलेले. बघणाऱ्याला सुबत्ता दिसायची.

ह्या माघात तुम्ही मोतीबिंदूच्या तपासणीला म्हणून नाशिकला आमच्याकडे आलात. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मी तुमची पिशवी घेऊन पुढे चढत होते, मागे वळून पाहिलं तर तुम्ही दोन्ही हातांनी कठडा धरून स्वतःला वर ओढत होता. पाय चढत नव्हते, हात ओढत होते. मी म्हणाले, "दम लागला का?" तुम्ही म्हणालात, "दम नाय लागत. पाय म्हणतेत आम्ही नाय येत." आणि हसलात. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून तुमची हाक आली. तुम्ही पाटावर बसला होता आणि उठता येत नव्हतं. किती वेळ बसला होता कोण जाणे, पाणी पार गार झालेलं. मी दार ढकलून आत आले, काखांत हात घातले आणि पहिल्यांदा तुम्हाला उघडं पाहिलं. पोट मोठं, त्यावर जांभळे ओरखडे असावेत तशा रेघा. दंडावर नुसतं धरल्यानं उमटलेले निळे डाग, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आणि मांड्या. ताई, तुमच्या मांड्या नव्हत्याच. त्या जागी दोन काटक्या होत्या. मी उचललं आणि तुम्ही सहज उचलल्या गेलात. त्या क्षणी फळ्यावरची सगळी आकृती माझ्या डोळ्यांपुढे आली, बाणांसकट.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, दहाव्यापर्यंत.

मी तुम्हाला कोरडं केलं, लुगडं नेसवलं आणि विचारलं, काय घेता? मग मीच तुमच्या कमरेचा बटवा ओढून उघडला. सुपारी, अडकित्ता, आणि कागदाच्या सतरा पुड्या. मी ओरडले. शेजारच्या जोशीकाकूंनी खिडकी लावून घेतली इतकं ओरडले. एकतीस वर्षं मी हे शिकवते आणि माझ्याच घरात, असं काय-काय. तुमच्याकडे पाहून ओरडले, पण खरं तर मला माझीच लाज वाटली होती, ते "तब्येत सुधारली" आठवून. मग मी त्या सतरा पुड्या एकेक फाडून संडासात टाकल्या आणि पाणी सोडलं. तुम्ही दारात चौकट धरून उभ्या होता. म्हणालात, "टाकल्या? बरं केलं. झालं ना आता डोकं शांत?" मग थोड्या वेळानं, "टोळीतल्या मथुराला मीच दिली व्हती गं पहिली पुडी. तिचीबी कंबर धरायची." मी म्हणाले, शाब्बास.

इथं थांबते. जे लिहायचं आहे ते लिहायला हात तयार नाही, पण हात माझे आहेत, झडलेले नाहीत, लिहितील.

त्याच फळ्यावर, त्याच आकृतीत, मी दर वर्षी आणखी एक बाण काढायचे. बाहेरून संप्रेरक येत राहिलं की मेंदू म्हणतो, पुष्कळ आहे, आणि ग्रंथीला सांगतो, तू झोप. ती झोपते, आक्रसते. बाहेरचं एकदम बंद केलं तर ती लगेच उठत नाही. तिला हळूहळू, आठवड्यांनी, महिन्यांनी उठवावं लागतं. तोवर शरीरात संकटाला तोंड द्यायला काहीच नसतं. हा बाणही दोन मार्कांचा. तो मला त्या दिवशी आठवला नाही. मांड्यांचा बाण आठवला, हा नाही. राग आला की मला अर्धंच दिसतं, हे तुम्ही मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पडूनच होता. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि थोडा ताप. मला वाटलं, व्यसनासारखं असतं हे, सवय सुटताना त्रास होणारच. मी तुम्हाला लिंबूपाणी दिलं आणि उपदेश केला. "दोन दिवस सोसा ताई, मग अंग मोकळं होईल." तुम्ही डोळे मिटून होता. म्हणालात, "एखादी पुडी राह्यली आसंल तर दे गं सुनंदा. आतून सगळं सुटल्यासारखं व्हतंय." मी म्हणाले, "मेलात तरी देणार नाही."

असं बोलतो आपण घरात. पोरांना बोलतो, नवऱ्याला बोलतो, कुणी मनावर घेत नाही. तुम्हीही घेतलं नाही. नुसती मान हलवलीत आणि कूस बदललीत.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही हाकेला ओ देईनात. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. तरुण डॉक्टरीणबाई होती, तिनं तोंड पाहिलं, पोट पाहिलं, दंडावरचे डाग पाहिले, आणि अर्ध्या मिनिटात मला विचारलं, "स्टेरॉइडवर होत्या का या? बंद कधी केलं?" मला तीन वर्षांत जे दिसलं नाही ते तिला अर्ध्या मिनिटात दिसलं. मी खरं सांगितलं. एवढं मात्र माझ्या पदरी घाला, तिथं मी खोटं बोलले नाही. तिनं इंजेक्शन मागवलं, सलाईन लावलं, आणि हात चालू ठेवूनच म्हणाली, "मॅडम, हे असं एकदम बंद करायचं नसतं." मी म्हणाले, "मला माहीत आहे. मी शिकवते." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

छातीत जंतुसंसर्ग आधीच पसरला होता. दोन दिवस तिनं शर्थ केली. तुम्ही गेलात.

संपत पोचला तेव्हा डॉक्टरनं त्याला सांगितलं की पुडीत स्टेरॉइड होतं, त्यानं शरीर आतून पोखरलं होतं. बंद केल्याचं ती बोलली आणि त्यानं ऐकलं नाही, की माझ्याकडे पाहून तिनं ते वगळलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. संपत त्या पुडीवाल्याला शोधायला निघाला होता, हातात बागेच्या मांडवाचा लोखंडी अँगल घेऊन. चौघांनी धरला. आणि त्या पुडीवाल्याला शिव्या घालण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, ताई. दहा दिवस मी त्याच्या नावानं बोटं मोडली. शिक्षिका असल्यानं मला समजावून सांगता येतं. आल्या-गेल्याला मी सांगितलं, कॉर्टिसॉल काय, स्नायू कसे झडतात, गोल तोंड म्हणजे तब्येत नव्हे. सगळं खरं होतं. फक्त शेवटचा बाण मी कुणाला सांगितला नाही. तो माणूस गुन्हेगारच आहे, आजही म्हणते. पण त्याच्या आड उभं राहायला फार सोपं गेलं मला.

दहाव्याचं जेवण उरकल्यावर टोळीतल्या बाया ओट्यावर बसल्या होत्या. मी तिथंही माझं व्याख्यान चालवलं होतं. मथुराबाई जवळ सरकली. तिचं तोंड मी नीट पाहिलं. गोल, लालसर. मला म्हणाली, "बाई, मीबी दोन वरसं घेत व्हते ती पुडी. इंदूताईंनीच दिली व्हती, वाईट नाय बोलत मी, चांगल्यासाठीच दिली व्हती. पण त्यांचं हे असं पाह्यलं, तुमचं बोलणं ऐकलं, आन् आज सकाळी सगळ्या पुड्या चुलीत घातल्या. बास झालं."

बायका म्हणाल्या, शहाणी गं. संपत पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, तोही म्हणाला, "बरं केलं मावशी. घाण गेली."

मी म्हणाले, "नाही. मथुराबाई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

तिनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. संपत म्हणाला, "काकू, आता कशाला? टाकल्या ना तिनं."

दोन घोट पाणी पिऊन मला काहीतरी जुळवता आलं असतं. सहज तपासून घेऊ, शुगर बघू, असं काहीही. पण ती आली नसती. आज सकाळपासून तिला बरं वाटत होतं, घाण गेल्याचं समाधान होतं, ती घरी जाऊन पडली असती आणि तिसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या असत्या, आणि तिच्या सुनेनं म्हटलं असतं, सोसा, सवय सुटतेय. मी संपतकडे पाहून बोलले. "तुझ्या आईच्या पुड्या मी टाकल्या, संपत. सगळ्या, एकदम. एकदम टाकायच्या नसतात. ग्रंथी झोपलेली असते, शरीर ढासळतं. मला ठाऊक होतं आणि रागात मी विसरले. पुडीनं तिला झिजवलं, पण ती त्या आठवड्यात गेली ती माझ्यामुळे."

संपतनं तांब्या खाली ठेवला. म्हणाला, "आईनं मागितली व्हती का?"

मी हो म्हणाले.

त्यानं बाहेर जाऊन पिकअप सुरू केला, मागचं फळकूट पाडलं आणि तिथंच पाठमोरा उभा राहिला. मथुराबाई उठली. तिच्या मागून आणखी चौघी उठल्या, मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं तरी. दोन्ही हात मांड्यांवर रोवून, एकमेकींचा खांदा धरून, वाकत-सावरत उठल्या. एकीचं वय तर पंचेचाळीसही नसेल. ज्या बाया पुडी घेत नव्हत्या त्या त्यांना पाहत बसून राहिल्या.

निफाडच्या डॉक्टरनं पाचही जणींना गोळ्या लिहून दिल्या, त्याच औषधाच्या, मोजून. कुठल्या आठवड्यात किती, कधी अर्धी, कधी एक दिवसाआड, सगळं कागदावर. ताप आला, उलट्या झाल्या तर लगेच या, गोळी चुकवायची नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं आणि मी त्यांना चार वेळा. शिवाय खुर्चीवरून हात न लावता उठायचं, दिवसातून जमेल तितक्यांदा, आणि रोज अंडं किंवा डाळीची वाटी. मथुराबाई म्हणाली, "अंडं खाईन, पण बसून-उठून कोण करणार, आमचं हसं व्हईल." मी म्हणाले, होऊ द्या.

संपत माझ्याशी बोलत नाही. ह्यांच्याशी बोलतो, माझ्या लेकीशी बोलतो, मी फोनवर आले की "ठेवतो" म्हणतो. मी त्याला दोष देत नाही. तुम्ही असता तर त्याला दोन शब्द सुनावून माझ्या ताटाशेजारी बसवला असता, आणि नंतर मला मागच्या दारी नेऊन माझीही हजेरी घेतली असती. ती हजेरी मला हवी होती, ताई. तुम्ही गेलात आणि ती तशीच राहिली. मी तुमच्यावर अजूनही चिडलेली आहे. तुम्ही लपवलंत म्हणून, त्या पुडीवर विश्वास ठेवलात म्हणून, आणि मी सतरा पुड्या टाकल्या तेव्हा मला एक थोबाडीत मारली नाहीत म्हणून.

रोज सकाळी सातला मी मथुराबाईला फोन लावते. विचारते, "गोळी घेतली का?" ती म्हणते, "घेतली, बाई." मग मी फोन ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. तुम्हीही मागितली होती, ताई. एकच मागितली होती. मी दिली नाही.